कै. अवंतिकाबाई गोखले : निळीच्या मुलखातील सेवा

आपल्या मंडळाच्या बैठकीत अलीकडे झाडपाल्याच्या रंगांचा विषय वरचेवर निघतो. रंगपंचमीला पळसाची फुले उकळून केशरी पाणी करावे, जुन्या सुती पातळांना हिरड्याच्या पाण्यात भिजवून रंग द्यावा, असे पुष्कळजणी सुचवितात. ही गोष्ट चांगलीच आहे. हळद, पळस, हिरडा, कुसुंबा, मंजिष्ठ आणि आल हे आपल्या आज्या-पणज्यांचे रंग होते. या सगळ्या रंगांत ज्याचा व्यापार जगभर झाला आणि ज्याच्यापायी गावेच्या गावे रडली, तो रंग म्हणजे नीळ. त्या निळीच्या मुलखात जाऊन तिथल्या बायकामुलांची सेवा करणाऱ्या एका मराठी बाईचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने मी आपल्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव कै. अवंतिकाबाई गोखले.

जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण ऐकत आलो. अवंतिकाबाईंचे नाव मुंबईकडे पुष्कळांना ठाऊक आहे, आपल्या नेसरी-गडहिंग्लज भागात मात्र ते क्वचितच कानावर पडते. वास्तविक त्यांचा आपल्या जिल्ह्याशीही धागा जुळलेला आहे, तो पुढे सांगते.

अवंतिकाबाईंचा जन्म १८८२ साली इंदूर येथे झाला. माहेरचे आडनाव जोशी. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षीच त्यांचे लग्न झाले आणि त्या मुंबईच्या गोखल्यांच्या घरी आल्या. यजमान बबनराव हे विलायतेत जाऊन यंत्रविद्या शिकून आलेले, सुधारक विचारांचे गृहस्थ. आपली बायको चूल आणि देवघर एवढ्यातच राहावी असे त्यांना वाटत नव्हते. सासरी आल्यावर अवंतिकाबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनी परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षणही घेतले. ब्राह्मणाच्या घरच्या बाईने दुसऱ्यांची बाळंतपणे करावीत ही गोष्ट त्या दिवसांत लोकांना चमत्कारिक वाटे. लोकांच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्यांनी ती विद्या आत्मसात केली. हीच विद्या पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडली.

१९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेब विलायतेला गेल्या, तेव्हा सोबत म्हणून अवंतिकाबाई त्यांच्याबरोबर होत्या. आपल्या जिल्ह्याशी जुळलेला धागा तो हा. इचलकरंजी हे कापडाचे गाव. तिथल्या राणीसाहेबांबरोबर समुद्रापलीकडे जाऊन आलेली ही बाई चारच वर्षांनी बिहारच्या एका आडगावी, कापडाच्या रंगापायी गांजलेल्या लोकांत जाऊन राहिली, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

आता नीळ म्हणजे काय ते थोडे सांगते, कारण त्याशिवाय पुढची हकीकत नीट उमजणार नाही. आपण पांढऱ्या कपड्यांना धुताना जी नीळ देतो, ती निराळी. ती कारखान्यात होते आणि पुढच्या धुण्यात निघून जाते. खरी नीळ हे कमरेइतके वाढणारे झुडूप आहे. त्याचा पाला वरून पाहिला तर हिरवाच दिसतो. झुडपे कापून पाण्याच्या हौदात दाबून ठेवतात. काही तासांनी पाला आंबतो, मग ते पाणी खालच्या हौदात सोडतात. त्या हौदात मजूर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लाकडी वल्ह्यांनी ते पाणी झोडपतात. पाण्याला वारा लागला की त्याचा रंग पालटत जातो आणि निळा गाळ तळाशी बसतो. तो गाळ उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात. गाडीभर पाल्यातून हाती येणारी नीळ थोडीशीच असते.

ही वडी साध्या पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडचे रंगारी चुना, गूळ आणि टाकळ्याचे बी घालून तिचे पीप आंबवीत. होय, पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच टाकळा. अशा पिपातून सूत वर काढले की ते प्रथम पिवळसर हिरवे दिसते आणि वाऱ्यावर धरताच डोळ्यांदेखत निळे होते. हे काम करणाऱ्यांना आपल्या बाजूला निराळी किंवा निळारी म्हणत. जुन्या काळच्या काळ्याभोर चंद्रकळेचा पहिला हातही पुष्कळदा निळीचाच असे. असा हा पक्का, धुतला तरी न जाणारा रंग.

त्याला विलायतेत फार मागणी होती. म्हणून गोऱ्या मळेवाल्यांनी बंगाल आणि बिहारमध्ये निळीच्या कोठ्या घातल्या. बंगालमधील शेतकऱ्यांनी १८५९-६० साली निळीविरुद्ध उठाव केला, तेव्हा तिथे हा धंदा मागे पडला आणि बिहारमध्ये वाढला. नेपाळच्या सरहद्दीजवळचा चंपारण जिल्हा हे त्याचे मोठे ठाणे झाले.

तिथे तीनकठिया नावाची पद्धत होती. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यातील तीन कठ्ठे जमिनीत कुळाने मळेवाल्यासाठी नीळ लावलीच पाहिजे, असा दंडक. आणि तीही बहुधा चांगल्यातली चांगली जमीन. मोबदला ठरलेला, आणि तो इतका अपुरा की राबणाऱ्याच्या पदरात काही उरू नये. घरच्या भाताचे रोप लावायला उशीर झाला तरी चालेल, साहेबाच्या निळीला उशीर चालत नसे. शिवाय बेकायदेशीर पट्ट्या निराळ्याच. साहेबाने हत्ती घेतला की कुळांवर पट्टी, मोटार घेतली की पट्टी. बाप वारला आणि मुलाच्या नावावर जमीन लागली की बापही-पुतही नावाची पट्टी. मुलीचे लग्न निघाले तरी कोठीवर पैसे भरावे लागत, आणि विधवेने पुन्हा घर मांडले तरी भरावे लागत. ज्या घरात मुलगी उजवायची आहे त्या घरच्या आईला काय वाटत असेल, याचा विचार आपणच करावा.

पुढे १८९७ साली जर्मनीतल्या एका कंपनीने रसायनांपासून केलेली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त पडू लागली आणि झाडाच्या निळीचा भाव बसला. कुळांना वाटले असेल, आता सुटलो. पण झाले उलटेच. मळेवाल्यांनी आपले नुकसान कुळांच्या माथी मारले. निळीतून मोकळे करतो असे सांगून कुठे खंड वाढविला, त्याला शरहबेशी म्हणत. कुठे एकरकमी पैसे लिहून घेतले, त्याला तावान म्हणत. त्यासाठी लोकांनी कर्जे काढली, गुरे विकली. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मनीचा माल येईनासा झाला, तेव्हा निळीचा भाव पुन्हा चढला आणि मळेवाले पुन्हा निळीच्या मागे लागले. लावा म्हटले तरी कुळाचे मरण, लावू नका म्हटले तरी कुळाचेच मरण.

चंपारणचे एक शेतकरी राजकुमार शुक्ल यांनी १९१६ च्या डिसेंबरात लखनौच्या काँग्रेसमध्ये गांधीजींना गाठले आणि आमच्याकडे या म्हणून त्यांचा पिच्छाच पुरविला. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी मोतिहारीला पोचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला, खटला उभा राहिला आणि सरकारला तो काढून घ्यावा लागला. मग गांधीजींनी आणि त्यांच्या सोबतच्या वकिलांनी हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या. सरकारने चौकशी समिती नेमली, गांधीजींना तिच्यावर घेतले, आणि १९१८ साली कायदा होऊन तीनकठिया बंद झाली. तावान म्हणून घेतलेल्या रकमेचा चौथा हिस्सा कुळांना परत मिळाला. ही हकीकत शाळेच्या पुस्तकातून आपण थोडीबहुत वाचली आहे. पण बायका त्या कामात कुठे होत्या, हे पुस्तकात सहसा येत नाही.

गांधीजींच्या ध्यानात आले होते की नुसता कायदा होऊन भागणार नाही. गावात शाळा नाही, औषध नाही, विहिरीभोवती चिखल, मुलांच्या अंगावर खरूज. म्हणून त्यांनी खेड्यांत शाळा काढायचे ठरविले आणि त्यासाठी बाहेरून माणसे बोलाविली. गावकऱ्यांनी राहायला जागा आणि शिधा द्यावा, शिक्षकांनी पगार न घेता काम करावे, अशी योजना होती. त्या हाकेला महाराष्ट्रातून आणि आपल्या सीमाभागातून चांगली साथ मिळाली. बेळगावचे वकील सोमण गेले. बेळगावकडचेच पुंडलिकजी कातगडे गेले. भारत सेवक समाजाचे डॉ. देव गेले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. आणि मुंबईहून अवंतिकाबाई व बबनराव गोखले हे जोडपे गेले. गुजरातकडून महादेवभाई देसाई आणि नरहरी परीख आपापल्या पत्नींसह आले, आणि कस्तुरबाही आल्या.

पहिली शाळा १९१७ च्या नोव्हेंबरात मोतिहारीच्या पूर्वेकडील बडहरवा लखनसेन या गावी उघडली, आणि ती गोखले पतिपत्नींकडे सोपविण्यात आली. गांधीजींचे चिरंजीव देवदास हेही तिथे मदतीला होते. अवंतिकाबाईंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे. विलायत पाहून आलेली, मुंबईच्या घरात नळाचे पाणी आणि दिवाबत्ती असलेली ही बाई आता धुळीच्या रस्त्यावरच्या गावात राहू लागली.

पहिली अडचण भाषेची. तिथले लोक भोजपुरी बोलणारे, आणि गेलेल्या बायका मराठी नाही तर गुजराती. कस्तुरबांना तर लिहिण्यावाचण्याची सवयही फारशी नव्हती. यांनी मुलांना शिकवायचे कसे? गांधीजींनी त्यांना समजावून सांगितले की व्याकरणाची काळजी करू नका. अक्षरओळख थोडी कमी झाली तरी चालेल, पण मुलांना स्वच्छता आणि चांगले वळण लावा. भगिनींनो, सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून फार धीर आला. त्या बायकांनी हिमतीने काम अंगावर घेतले, आणि त्यांचे वर्ग चांगले चालले. त्यांतही अवंतिकाबाईंची शाळा नमुन्याची ठरली, असे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. आणि या बायकांमुळेच गावातल्या स्त्रियांपर्यंत काही अंशी पोचता आले, हेही त्यांनी मान्य केले आहे.

औषधोपचार अगदी साधे होते. एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम, एवढीच तीन औषधे शाळेत ठेवलेली. जीभ पांढरी दिसली की एरंडेल, ताप असला तर आधी एरंडेल देऊन मग क्विनाइन, आणि खरूज-फोडांना जागा स्वच्छ धुऊन गंधकाचे मलम. जास्त आजारी माणसाला डॉ. देव पाहत. सुईणीचे शिक्षण झालेल्या अवंतिकाबाईंसारखी बाई अशा ठिकाणी गावच्या बायकांना किती आधाराची वाटली असेल, हे सांगायला नको.

हे काम सुखासुखी झाले असेही नाही. भितिहरवा नावाच्या गावी सोमण आणि कस्तुरबा यांची शाळा होती. ती बांबू-गवताची झोपडी एका रात्री कुणी तरी पेटवून दिली. सोमणांनी गावकऱ्यांना हाताशी धरून त्या जागी विटांची शाळा उभी केली.

त्याच भितिहरव्याजवळच्या एका लहान गावाची एक हकीकत आहे. तिथल्या बायकांची लुगडी फार मळकी दिसत. गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले की या बायका कपडे का धूत नाहीत ते जरा विचारून पाहा. कस्तुरबांनी विचारल्यावर एका बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले. आत पेटी नव्हती, कपाट नव्हते, दोरीवर दुसरे वस्त्र नव्हते. अंगावरचे लुगडे तेवढे तिचे. ते धुवायचे तर वाळेपर्यंत नेसायचे काय?

भगिनींनो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. ज्या जिल्ह्यातून गाड्या भरभरून नीळ निघाली, ज्या निळीने दूर देशीची रेशमे आणि सुते रंगली, त्याच जिल्ह्यातल्या बाईला बदलायला दुसरे लुगडे नव्हते. रंग पक्का होता, पण तो पिकविणारीच्या अंगावर पोचलाच नाही.

अवंतिकाबाईंचे गाव निराळे असले तरी मुलूख तोच आणि दैन्य तेच. चंपारणात राहून त्यांनी जे पाहिले, ते त्या विसरल्या नाहीत. मुंबईला परत आल्यावर १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. गांधीजींचे नाव तेव्हा घरोघरी झालेले नव्हते. अशा वेळी लग्नानंतर शिकलेल्या एका बाईने ते चरित्र मराठीत आणले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

त्याच १९१८ साली त्यांनी गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला. आपल्या मंडळासारखेच ते मंडळ. बायकांनी एकत्र यावे, शिकावे, आणि घराबाहेरच्या कामालाही हात लावावा, हा त्याचा हेतू. अवंतिकाबाईंनी ते मंडळ शेवटपर्यंत सांभाळले. एखादे मंडळ स्थापन करणे सोपे असते. वर्षानुवर्षे बैठका घेणे, रुसवेफुगवे काढणे, वर्गणी गोळा करणे आणि नव्या सुनांना त्यात ओढून आणणे किती अवघड असते, हे आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्या भगिनी जाणतात.

मुंबई महापालिकेत बायका निवडून येऊ लागल्या, तेव्हा पहिल्या काही स्त्री सभासदांत सरोजिनी नायडू यांच्याबरोबर अवंतिकाबाईही होत्या. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची लाट उठली. मुंबईच्या चौपाटीवर कायदा मोडून मीठ करणाऱ्या बायकांत कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या, तशा सत्तेचाळीस वर्षांच्या अवंतिकाबाईही होत्या. त्याच चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला.

आणखी एक लहानशी गोष्ट मला फार आवडते. गांधीजींच्या वाढदिवसाला अवंतिकाबाई स्वतःच्या हाताने कातलेल्या सुताची धोतरे त्यांना पाठवीत, आणि हा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. सूत कातायला किती वेळ लागतो हे ज्यांनी टकळी हातात धरली आहे त्यांनाच कळेल. धोतरजोडीच्या सुतासाठी रोज थोडे थोडे कातीत राहावे लागते. त्या धोतरांना रंग नव्हता. कोणाकडूनही जबरीने घेतलेला असा त्यात एक धागाही नव्हता. १९४९ साली, गांधीजींच्या मागोमाग, अवंतिकाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली.

हे चरित्र आज सांगण्याचे कारण एवढेच नव्हे की त्या थोर होत्या. झाडपाल्याचे रंग पुन्हा लोकांना हवेसे झाले आहेत. शहरात झाडाच्या निळीने रंगविलेल्या साड्यांना चांगली किंमत येते, आणि तमिळनाडू व आंध्रात आजही नीळ पिकते. आपल्या मुलांच्या जीनच्या निळ्या विजारी मात्र बहुतेक रसायनी निळीच्याच असतात. रसायनी रंगाने नदीनाले खराब होतात, हे खरे आहे, आणि आपण इचलकरंजीकडे ते जवळून पाहतो. म्हणून झाडाचा रंग बरा, असे आपण म्हणतो. पण चंपारणची नीळसुद्धा झाडाचीच होती. तिच्यात कसलेही रसायन नव्हते, तरी तिने घरे बुडविली. रंग चांगला की वाईट हे नुसत्या झाडावरून ठरत नाही. पीक कोणी घेतले, त्याला पुरता दाम मिळाला का, हौदात उभे राहणाऱ्याच्या घरी दुसरे वस्त्र आहे का, हेही पाहावे लागते. आपण प्रदर्शनातून साडी घेताना रंग जाईल का, एवढेच विचारतो. यापुढे हा दुसरा प्रश्नही विचारावा, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट आपल्या गावापुरती. दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबे आपल्या शिवारात पाले ठोकून राहतात. त्यांच्या मुलांचे कपडे मळके, डोकी विस्कटलेली, असे आपण येताजाता म्हणतो. त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान देण्यापूर्वी पाणी कुठून आणता, बदलायला काय आहे, हे आधी त्यांच्या पालावर जाऊन विचारले पाहिजे. भितिहरव्याजवळच्या त्या बाईने कस्तुरबांना झोपडीत नेऊन जे दाखविले, ते पाहायला आपण चार पावले चालून जावे. आपल्या मंडळाने येत्या हंगामात प्रत्येक घरून दोन चांगली धुतलेली लुगडी आणि मुलांचे कपडे जमा करावेत, आणि आठवड्यातून दोन दुपारी त्या मुलांना अक्षरे शिकवावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. शिक्षण कमी म्हणून कोणी मागे राहू नये. चंपारणात गेलेल्या बायकांपैकी सगळ्याच काही शिकलेल्या नव्हत्या.

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त कै. अवंतिकाबाईंच्या स्मृतीस वंदन करून हा लेख पुरा करते.